एवढेच तर घेतले होते

२०२५ च्या गणपतीतला शनिवार. बँकेतून कर्जखात्याचं पासबुक भरून आणलं आणि नेहमीसारखं अण्णांच्या हातात दिलं. दिवसभर रिपरिप चालू होती. पिशवीत छत्रीला चिकटून बसल्यामुळे पासबुकाचा निळा कोपरा ओला झाला होता, तो अण्णांनी आधी पंचाच्या टोकानं टिपला. मग चष्मा लावला, पान दिव्याखाली धरलं आणि एकेका ओळीवरून बोट खाली नेत शेवटच्या आकड्यावर आणून थांबवलं. ५,६०,७२७. दुसऱ्या दिवशी घरी महालक्ष्म्या यायच्या होत्या, आई आत ट्रंकेतून साड्या काढत होती, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग पासबुक मिटून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढेच तर घेतले होते."

त्यावर मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय? २०१४ साली इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा कर्ज मंजूर झालं ते ५ लाख ६० हजारांचं, दर वर्षी १ लाख ४० हजार याप्रमाणे चार वर्षांत उचललेलं. सप्टेंबर २०१९ पासून हप्ता सुरू झाला, ११,४०९ रुपयांचा. मधले लॉकडाऊनचे सहा महिने सोडले तर एकही चुकवलेला नाही. सहासष्ट हप्ते. गुणाकार केला की ७,५२,९९४ येतात. साडेसात लाख रुपये या घरातून बँकेत गेले आणि तरी शिल्लक कर्ज मूळ रकमेपेक्षा सातशे सत्तावीस रुपयांनी जास्तच. चक्रवाढीचं सूत्र मला पाठ आहे, ते मी कागदावर मांडूनही दाखवू शकते. पण अण्णांनी सूत्र विचारलंच नव्हतं. त्यांचा तो स्वर, जणू कुणाकडून उसनं आणलेलं भांडं दहा वेळा परत करूनही ते पुन्हा आपल्याच ओट्यावर दिसावं, तो स्वर रात्री झोपतानाही कानात होता. आरती चालू असताना होता. सोमवारी नाशिकच्या अंबडला कंपनीत मशीनसमोर उभी होते तेव्हाही होता.

कर्ज काढायला गेलो तो दिवस मला नीट आठवतो. अण्णांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळीच गेलो. ते सातपूरला कंपनीत कायम कामगार. त्या दिवशी त्यांनी लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घातला होता आणि कागदांची प्लास्टिकची फाइल छातीशी धरली होती. चार लाखांच्या वरचं कर्ज म्हणून जामीनदार लागला, तर कंपनीतल्या त्यांच्याच विभागातले एक मित्र रजा टाकून आले. मी अठरा वर्षांची. सही करताना हात थरथरत होता, कारण तोपर्यंत कुठल्याच महत्त्वाच्या कागदावर मी सही केली नव्हती. मधेच साहेब म्हणाले, आधारची अजून एक झेरॉक्स लागेल. मी खाली उतरून रस्ता ओलांडून झेरॉक्स काढून आले. परत आले तेव्हा साहेब एक फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवत होते आणि अण्णा मान हलवत म्हणत होते, "नाही साहेब, तसं काही नको." कसलं काय नको, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा फक्त कॉलेज दिसत होतं.

कर्ज या विषयावर आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

सिडकोतल्या घरांना भिंत एकच असते, इकडचं तिकडे ऐकू जातं, हे कारण आहेच. पण तेवढंच नाही. पाहुणे असले की आई "हप्ता" या शब्दाऐवजी "तारखेचं" असं म्हणते. "तारखेचं ठेवलंय ना बाजूला?" स्थळं यायला लागली तेव्हा मध्यस्थांना काय सांगायचं यावर दोन रात्री खलबत झालं, आणि शेवटी काहीच सांगायचं नाही असं ठरलं. २०२३ ला अण्णा निवृत्त झाले. पेन्शन इतकी तुटपुंजी की तिचा आकडाही कुणी काढत नाही. तीन महिन्यांत त्यांनी अंबडच्या एका गोडाऊनवर राखणीची नोकरी धरली. "घरात बसून गंज चढतो" असं ते म्हणाले आणि मी ते खरं धरलं, कारण खरं धरणं सोयीचं होतं. माझा पगार हातात अठ्ठावीस हजार. त्यातून अकरा हजार चारशे नऊ गेले की उरलेल्यात महिना ओढायचा. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास माझ्या खात्यात चार हजार कुठून येतात हे मला माहीत होतं. ते "आईनं दिलेत" असं मी मनाशी म्हणत असे.

त्या वाक्यानंतर दोन दिवसांनी मी एक चूक केली. मोबाइलवर शोधता शोधता कॉलेज रोडच्या बाजूला एक ऑफिस सापडलं. काचेचा दरवाजा, एसी, पाणी विचारायला मुलगी. समोरच्या माणसानं माझ्या पासबुकाचा फोटो बघून दोन मिनिटांत निकाल दिला. म्हणाला, तीन हप्ते भरू नका, खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत, होऊ द्या, मग बँक स्वतःच्या पायांनी येते, निम्म्यात मिटवून देतो. फी पंधरा हजार, आत्ता पाच. मी तिथल्या तिथे पाच हजार पाठवले. जिना उतरताना मला हलकं वाटलं होतं हे मी कबूल करते. कुणीतरी ऐकून घेतलं होतं, कुणीतरी "होऊन जाईल" म्हणालं होतं. अण्णांना सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "मित्राला फोन जाईल का?" मित्र म्हणजे जामीनदार. आणि मग माझ्या पोटात गोळा आला, कारण हे मी त्या काचेच्या ऑफिसात विचारलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खात्याचा पूर्ण उतारा काढायला पुन्हा शाखेत गेले. पासबुक छापायच्या मशीनसमोर सात-आठ जणांची रांग. ते मशीन मधेच अडतं, किर्र किर्र आवाज करतं, मग कुणीतरी आतून येऊन झाकण उघडतं. तिथे उभं राहून माणूस भिंतीवरचं सगळं वाचतो. त्या भिंतीवर, दोन विम्याच्या जाहिरातींच्या मधे, एक फिकट पोस्टर आहे: आर्थिक साक्षरता केंद्र, कर्जविषयक समुपदेशन, विनामूल्य. खाली पत्ता आणि फोन. सहा वर्षं मी त्या रांगेत उभी राहिले आहे. ते पोस्टर मी किती वेळा वाचलं असेल! आणि दर वेळी ते दुसऱ्या कुणासाठी आहे असं समजून पुढे सरकले असेन. बचत गटाच्या बायकांसाठी, शेतकऱ्यांसाठी, कुणासाठीही. त्या दिवशी पहिल्यांदा फोन काढून त्याचा फोटो घेतला.

अण्णा यायला तयार नव्हते. आईनं त्यांना पाठवलं. सिटीलिंकच्या बसनं सीबीएस स्टँडला उतरलो, तिथून चालत गेलो. जुन्या इमारतीचा पहिला मजला, लाकडी कठडा, वर करकरणारा पंखा. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक हलती. टेबलामागे साठी ओलांडलेले गृहस्थ, निवृत्त बँक अधिकारी, खिशाला दोन पेनं आणि एक पेन्सिल. आमच्या आधी एक बाई बसल्या होत्या. मुलीनं नर्सिंग केलेलं, नोकरी सुटलेली, हप्ते वर्षभर थकलेले, आणि हातात लोकअदालतीची नोटीस. त्या नोटिशीची घडी इतकी घट्ट केली होती की उलगडताना फाटेल असं वाटलं. वसुलीवाल्यांचे फोन रात्री साडेनऊला येतात, म्हणत होत्या. सरांनी वहीत लिहून घेतलं आणि सांगितलं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर त्यांना फोन करता येत नाही, नियम आहे, कुणी केला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवायचा. लोकअदालत म्हणजे अटक नव्हे, तिथे तडजोड होते, कोर्ट फी लागत नाही, पण तिथे मान्य केलेल्यावर अपील नसतं, म्हणून जे झेपेल तेवढंच कबूल करायचं. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर आधी फोन करा. त्या बाई उठताना दोनदा म्हणाल्या, "म्हणजे पोलीस नाही ना येणार?" सर दोन्ही वेळा म्हणाले, "नाही ताई." दुसऱ्या वेळी जास्त हळू आवाजात.

मग आमची पाळी. मी काचेच्या ऑफिसचं आधी सांगून टाकलं. सर चिडले नाहीत, पण पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए. निम्म्यात मिटलं तरी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शिक्का बसतो, तो पुढे घराच्या कर्जाला आडवा येतो; आणि सहकर्जदार म्हणून वडिलांच्या नावावरही, जामीनदाराच्या दाराशीही. हप्ता अजून चुकलेला नाही हीच तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, ती स्वतःच्या हातानं कशाला मोडता? पैसे घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्येच लोकांना सावध केलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. माझे पाच हजार परत आले नाहीत. अजूनही नाहीत.

नंतर त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर रेघ मारली. डाव्या बाजूला पहिला हप्ता, सप्टेंबर २०१९. तोपर्यंत शिक्षणाच्या चार वर्षांचं आणि वरच्या एका वर्षाचं व्याज मुदलात मिळून कर्ज झालं होतं ७ लाख ९५ हजार २००. बारा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज ७,९५२. हप्ता ११,४०९. "म्हणजे फिटले किती?" त्यांनी अण्णांनाच विचारलं. अण्णांनी आयुष्यभर मायक्रोमीटरवर शतांश वाचले आहेत, त्यांना वजाबाकीला वेळ लागला नाही. "तीन हजार चारशे सत्तावन्न." ते म्हणाले आणि खुर्ची जराशी मागे सरकली. सरांनी मान हलवली. लॉकडाऊनमध्ये सहा महिने हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही, ते पुन्हा वर चढलं. "आता कळलं ना, एवढेच कसे राहिले ते?" मी दचकून अण्णांकडे बघितलं. त्यांनी ते वाक्य इथे कधी उच्चारलं होतं? मी झेरॉक्सची पानं लावत असताना बहुतेक.

मग त्यांनी मंजुरीपत्रातली एक ओळ पेन्सिलनं अधोरेखित केली. आमचं कर्ज बेस रेटला, म्हणजे बँकेच्या जुन्या पायाभूत दराला, जोडलेलं होतं. २०१६ च्या एप्रिलपासून त्याच्या जागी एमसीएलआर हा नवा दर आला, १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी किरकोळ कर्जं रेपोसारख्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तशा, बाहेरच्या दराला जोडायची झाली, आणि आम्ही २०१४ च्याच फलाटावर उभे होतो. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो साडेसहावरून साडेपाचवर आणला, पेपरात मथळे आले, आमच्या हप्त्याला त्याचा वाराही लागला नाही. जुन्या कर्जदारालाही नव्या दरावर जाता येतं, त्यासाठी बँक किरकोळ प्रशासकीय खर्चच घेऊ शकते. फक्त अर्ज करावा लागतो. "कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं होतं का?" ते म्हणाले. त्यांनी टोचून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र ते टोचलं.

दर साडेनऊच्या आसपास आला आणि मुदत तीच, उरलेले अडुसष्ट महिने, ठेवली, तर हप्ता सातशे रुपयांनी उतरेल, एकूण जवळपास अठ्ठेचाळीस हजार वाचतील. मुदत एकूण पंधरा वर्षांपर्यंत वाढवली तर हप्ता पावणेआठ हजारांच्या घरात येईल, दर महिन्याला साडेतीन हजारांवर मोकळे होतील, पण सगळं मिळून पहिल्या पर्यायापेक्षा एक लाख नऊ हजार जास्त जातील. हे दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांच्याभोवती चौकट केली. लहान हप्ता म्हणजे स्वस्त कर्ज असं समजू नका, हे त्यांनी तीन वेळा तरी सांगितलं असेल. पण महिन्याची ओढाताण एवढी असेल की एखादा हप्ता चुकण्याची भीती आहे, तर लांब मुदत घ्या, आणि बोनस आला, भिशी लागली, की जास्तीचे भरत जा. बदलत्या दराच्या अशा वैयक्तिक कर्जावर बँकेला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, २०१४ पासून नाही. भरताना मुदत कमी करा असं लेखी द्यायचं, नाहीतर पैसे पुढच्या हप्त्यांत जिरतात. वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून बघत जा. एवढं सगळं पाऊण तासात. मधे चहा आला, तो त्यांनी त्यांच्याच पैशानं मागवला.

उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "व्याज अनुदान नाही मिळालं? उत्पन्नाचा दाखला दिला नव्हता का तेव्हा?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले.

२००९-१० पासून केंद्राची योजना होती. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मूल देशातच तांत्रिक-व्यावसायिक शिक्षण घेत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरायचं. तहसीलदारांचा दाखला बँकेत द्यायचा, बस. २०१४ ला अण्णांचं उत्पन्न ओव्हरटाइम धरून ३ लाख ४० हजार होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला: एक लाख चाळीस हजारांवर वर्षाचं व्याज सोळा हजार आठशे, पहिल्या वर्षाच्या रकमेवर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, मिळून चौदा. चौदा गुणिले सोळा हजार आठशे. २ लाख ३५ हजार २००. म्हणजे आमचा पहिला हप्ता सुरू झाला असता ५ लाख ६० हजारांवर. एवढेच घेतले होते, एवढेच फेडायला लागलो असतो. "आता तो काळ गेला," सर म्हणाले. "पुढचं बघू." जिना उतरताना माझे पाय जड झाले होते.

बसमध्ये अण्णा म्हणाले, "फुकट कोण एवढं करतं? यांचं काहीतरी असेल." काचेच्या ऑफिसबद्दल त्यांना असा संशय आला नव्हता. पाच हजार घेतले म्हणजे काम करणार, असा त्यांचा सरळ हिशेब. मी वाद घातला नाही, कारण माझाही हिशेब तोच होता. मीही पैसे देऊनच पहिल्यांदा निश्चिंत झाले होते. आपल्याकडे फुकट या शब्दाला एक वास चिकटलेला आहे. रेशनच्या दुकानासमोरच्या रांगेचा, हात पसरण्याचा. आमचं कार्ड पांढरं. आई सांगते, ते मिळालं त्या दिवशी अण्णा पेढे घेऊन आले होते. पांढरं कार्ड म्हणजे आपल्याला कुणाचं काही नको. गावी निफाडकडे भाऊबंदांत सांगायची गोष्ट. त्या कार्डानं घराला ताठ मान दिली, मला ते कमी लेखायचं नाही. त्याच ताठ मानेनं त्यांनी मला शिकवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला नवा ड्रेस घेतला, फी एक दिवसही उशिरा भरली नाही.

अर्ज सरांनी सांगितला तसा मी साध्या मराठीत लिहिला. खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मागणी दोन ओळींत. शाखेत आधी म्हणाले, जुन्या शिक्षणकर्जाला असं होत नाही. मी म्हटलं, तसं लेखी द्या. मग अर्ज ठेवून घेतला. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली तेव्हा खिडकीमागच्या मुलानं शिक्का शोधायला पाच मिनिटं लावली. शिक्का तिरका बसला, तारीख अर्धी उमटली, त्यानं ती पेनानं पुन्हा काढली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायची, तीही फुकट, ऑनलाइन, वकील नको काही नको, चौकशीला १४४४८. ती वेळ आली नाही. बाविसाव्या दिवशी फोन आला. पूरक करारावर जामीनदाराचीही सही लागेल म्हणाले, तेव्हा अण्णांचा चेहरा उतरला. दोन दिवस टाळून शेवटी ते मित्राकडे गेले, मी सोबत. मित्रानं सगळं ऐकलं, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "एवढंच होय? तुझा चेहरा बघून मला वाटलं थकलंय." मग दोघं कंपनीतल्या कुठल्याशा जुन्या फोरमनबद्दल बोलत बसले, तासभर. नोव्हेंबरपासून हप्ता ७,६७३ झाला.

दिवाळी तोवर होऊन गेली होती. एका रात्री जेवणं झाल्यावर मी ओटा पुसत होते आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांची रात्रपाळी होती, डोक्याला मफलर बांधलेला. म्हणाले, "त्या साहेबांनी सांगितलं होतं तेव्हा. अनुदानाचं. दाखला आणा म्हणाले." मी फडकं धुवायला घेतलं. "मीच म्हटलं, नको. म्हटलं, आपण काय गरीब आहोत का." नळ चालू होता. मी बंद केला नाही. दोन लाख पस्तीस हजार. म्हणजे गोडाऊनवरच्या किती रात्री, हे मोजायला मन धजलं नाही. राग आला होता का? आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. अठरा वर्षांच्या मुलीसमोर आपण गरीब ठरू नये म्हणून त्यांनी मी झेरॉक्स काढून यायच्या आत तो विषय संपवला होता. मी परत आले नसते, पाच मिनिटं उशिरा आले असते, तर त्या साहेबांनी अजून एकदा समजावलं असतं का? की दाखल्याचं बोलायचं म्हणूनच मला बाहेर पाठवलं होतं? हे मला कधीच कळणार नाही. मी एवढंच म्हटलं, "डबा घेतला का?" ते हो म्हणाले. मी आता नोकरी सोडा म्हणून मागे लागले आहे. ते नाही म्हणतात. वाचलेले साडेतीन हजार दर महिन्याला मुदलात भरायचे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

जानेवारीत पुन्हा पासबुक भरून आणलं. थंडी कडाक्याची होती, मशीनच्या खोलीत सगळे मफलरवाले. शेवटचा आकडा ५,४२,३८६. फिकट पोस्टर अजून तिथेच आहे, पण त्याच्या कोपऱ्यावर विम्याचं नवं पत्रक चिकटवलं होतं, फोन नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांवर. मी ते नखानं सोडवून बाजूला लावलं.

घरी अण्णांनी आकडा बघितला, मान हलवली, पासबुक बाजूला ठेवलं. मग फोन उचलून निफाडला काकांना लावला. काकांची मुलगी यंदा बारावीला आहे. आधी द्राक्षांचं बोलणं झालं, मणी किती फुगलेत, व्यापारी आला का. मग अण्णा जरा थांबले आणि मोठ्या आवाजात, भिंतीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरीला कर्ज काढशील तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. तहसीलला गर्दी व्हायच्या आत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलं तरी तीन टक्के सूट आहे म्हणे नव्या योजनेत, कॉलेज त्यांच्या यादीत पाहिजे फक्त. साडेचार लाखांच्या आत असशील तर अजून वेगळं आहे, ते पण विचार." पलीकडून काका काहीतरी म्हणाले. अण्णांनी ऐकून घेतलं, पंचाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"अरे नाही," ते म्हणाले. "मी नव्हता काढला."